दुसरं मडकं

आमच्या नात्यागोत्यात आईच्या हातचं जेवला नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिला जेवताना पाहिलेला माणूसही सापडायचा नाही. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा कौतुकाने मान हलवतो आणि म्हणतो, "अन्नपूर्णा हो, साक्षात अन्नपूर्णा." तो शब्द ऐकला की माझं डोकं सणकतं. बाईला अन्नपूर्णा म्हटलं की तिला भूक लागते का, हे विचारायची जबाबदारी संपते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला बाबांना न्हावा शेव्याच्या नव्या बंदरात कारकुनाची नोकरी लागली आणि आम्ही मुंबईची खोली सोडून खांदा कॉलनीत तळमजल्यावर राहायला आलो. मी तेव्हा सातवीत होते. मोजक्या इमारती, अर्धवट रस्ते आणि आमच्या मागच्या दाराला लागून मोकळे प्लॉट. मुंबईची माणसं आता तुटणार, अशी बाबांना धास्ती होती. तसलं काही झालं नाही. पुण्याला जायचं असो, गोव्याला जायचं असो नाहीतर अलिबागला, पनवेल वाटेत लागतंच, आणि पनवेल लागलं की आमचं घर लागायचं.

बाबांना माणसांचा भारी सोस. "आलात तसे जेवूनच जा" हे वाक्य ते चपला काढायच्या आधीच म्हणायचे. शेजारच्यांच्या फोनवर त्यांचा निरोप यायचा की पाच जण निघालेत, दुपारपर्यंत पोहोचतील. तो निरोप सांगायला शेजारीण आली की आई नुसतं "बरं" म्हणायची आणि तांदळाच्या पिठाचा डबा खाली काढायची. बाबांचा हात सढळ आहे असं सगळे म्हणायचे. तो हात आईचा होता, एवढंच कुणाच्या लक्षात यायचं नाही.

आई पनवेलजवळच्याच एका गावातली, शेतकऱ्याघरची. तिच्या तांदळाच्या भाकरीला तोड नव्हती, आणि तिथेच ती फसली. कारण ती भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली तरच खरी, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. मोरा बंदरावरची कोळीण दारावर यायची, तिच्याकडच्या कोलंबीचं कालवण आणि वर भाकरी. बाहेर पाहुणे, आत आई, आणि मध्ये ताटं घेऊन धावणारी मी. "एक गरम आण गं." "यांना वाढ, गरम वाढ." काकू, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको, तोंडात घास असतानाच आत आवाज द्यायची, "वहिनी, तुम्हीपण बसा ना आमच्याबरोबर." आई आतून म्हणायची, "तुमी घ्या, मी मागून बसतंय." या दोन वाक्यांची देवाणघेवाण झाली की काकूचं कर्तव्य संपायचं आणि ती पुढची भाकरी मोडायची.

मागून म्हणजे सगळे पसरून घोरायला लागल्यावर. गार भात, कालवणाच्या तळाशी राहिलेलं पाणी आणि शेवटची, कडेला करपलेली भाकरी. आई ओट्याशी उभ्या उभ्याच खायची. पंगत वगैरे शब्द तिच्यासाठी नव्हते.

अपवाद एकच, आणि तो वर्षातून एकदा यायचा. पोपटी.

आमच्या भागात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मामा गावाहून गोणीभर शेंगा आणून टाकायचा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, हा आमच्या मागच्या प्लॉटमध्ये रान माजल्यासारखा उगवायचा. त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मग बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेले कोंबडीचे तुकडे, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पुन्हा पाला, ठासून. पाण्याचा एक थेंब नाही. मडकं उपडं घालायचं, भोवती काटक्या, पेंढा आणि गोवऱ्या रचून जाळ करायचा. मडक्यावर शिंतोडा मारला आणि चर्र वाजलं की झालं. मग ते केळीच्या पानांवर पालथं करायचं, वाफेचा आणि पाल्याचा तो कडवट वास उठतो, आणि सगळ्यांनी त्या ढिगाभोवती बसून हाताने खायचं.

या सगळ्यात आईच्या मतलबाची गोष्ट अशी होती की मडकं एकदा उपडं घातलं की बाईमाणसाला काही काम उरत नाही. लाटायचं नाही, तळायचं नाही, वाढायचं नाही. ढीग एकच, तो सगळ्यांचा, आणि सगळ्यांना एकाच वेळी गरम. तिच्या माहेरी तशीच रीत होती. पोपटीला कुणी कुणाला वाढत नाही, ज्याने त्याने उचलायचं.

पहिल्या वर्षी जाळ विझला तेव्हा उन्हं उतरत होती. आईने हातपाय धुतले, पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी गोणपाटावर मांडी घालून बसली. "आज मी पन बसनार हाय," म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. ती शेंग दातांत धरून ओढायची, दाणे जिभेवर घ्यायची, साल मागे टाकायची. घाई नाही. तोंड चालू आणि बोलणंही चालू. लहानपणी तिने आणि मामाने दुसऱ्याच्या शेतातल्या शेंगा कशा चोरल्या आणि आजोबांनी त्यांना कान धरून कसं पकडलं, हे तिने त्या संध्याकाळी सांगितलं. माझी आई गोष्ट सांगू शकते आणि हसताना तिचे खांदे हलतात, हे मला त्या दिवशी कळलं. मला तेव्हा इतका आनंद झाला की माझं खाण्याकडे लक्षच नव्हतं.

त्यानंतर ती दर वर्षी वाट बघायची. दिवाळी सरली की मागच्या दारात उभी राहून भांबुर्डा किती वर आला ते पाहायची. माळ्यावरचं मडकं खाली काढून उन्हात ठेवायची. बारा महिने दुसऱ्यांना गरम वाढणाऱ्या बाईचं हे एक गरम जेवण होतं आणि ते तिला हवं होतं. ती तसं बोलली नाही कधी. पण मला दिसत होतं, म्हणजे दिसण्यासारखं होतं.

मग पोपटीची कीर्ती पसरली. काका-काकूंबरोबर काकूची माहेरची माणसं यायला लागली, बाबांच्या ऑफिसातले लोक यायला लागले, पुढे त्यांचे साहेबही सहकुटुंब यायला लागले. काकूने पहिली काडी टाकली. ढिगातलं अंडं सोलता सोलता म्हणाली, "सगळं छान आहे हो, पण पोट भरल्यासारखं नाही वाटत. वहिनींची एखादी भाकरी असती तर." तिला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. बाबांना मात्र पाहुण्यांत मान खाली गेल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी त्यांनी आधीच जाहीर केलं, "नुसत्या शेंगांवर कुणी माणसं बोलावतं का? बरोबर रस्सा-भाकरी पाहिजे."

झालं. ढीग बाहेर, आई आत. माझे पाय पुन्हा ताटं घेऊन पळायला लागले. त्या वर्षी मी ओंजळभर शेंगा आणि एक अंडं आईसाठी ताटलीत काढून आत नेलं. तिच्या दोन्ही हातांना पीठ होतं. "ठेव तिकडं," म्हणाली. तासाभराने तिने त्या खाल्ल्या. वालाची शेंग गार झाली की साल चिवट होते आणि दाणा पिठूळ लागतो. तिने सगळ्या संपवल्या.

आई मुकाट होती, पण मठ्ठ नव्हती. पुढच्या वर्षी तिने दुपारीच भाकऱ्या थापून फडक्यात गुंडाळून ठेवल्या आणि जाळ विझल्यावर गोणपाटाकडे आली. बसलीही. साहेबांनी फडक्यातली भाकरी मोडली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "गरम नाहीये का?" बाबांनी आईकडे पाहिलं. फक्त पाहिलं. ती उठली.

माझे बाबा वाईट नव्हते. त्यांनी आईवर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. वाईट असते तर त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. चारचौघांत ते तिच्याकडे बघून अभिमानाने म्हणायचे, "हिला खाऊ घालायची भारी हौस." आणि ते त्यांना खरंच वाटायचं.

त्याच्या पुढच्या थंडीत, मी तेव्हा कॉलेजात होते, आईने बाजारातून एक लहान मडकं आणलं. पाला भरताना मला हळूच म्हणाली, "मोठं लोकांना. हे मागनं लावू, लोक गेले की. तू आन मी." चांगल्या भरलेल्या शेंगा निवडून तिने त्यात घातल्या, दोन अंडी घातली, आणि तोंड बंद करून ते भिंतीच्या आडोशाला ठेवलं. दिवसभर कामात असताना ती मध्येच त्या बाजूला बघायची. तिला काहीतरी हवं आहे आणि ते मिळणार आहे, असं तिच्या चेहऱ्यावर मी फार कमी वेळा पाहिलंय.

मोठं मडकं संपायला आलं. माणसं रंगात आली होती. मी रिकामी ताटं घेऊन आत गेले होते, आई तव्यापाशी होती. बाहेर एकदम गलका झाला. बाबांना आडोशाचं मडकं सापडलं होतं. "अरे, बसा, बसा, अजून एक आहे," त्यांचा आवाज आला. विस्तव धगधगत होताच, त्यावरच त्यांनी ते उपडं घातलं आणि वर पेंढा रचला. मी आईकडे पाहिलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती तशीच दारात जाऊन उभी राहिली.

"अवो, ते माजं हाय," ती म्हणाली.

मोठ्याने नाही म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. बाबा हसले. "अगं, तुझं काय आणि माझं काय, घरातलंच ना?" त्यावर सगळे हसले. काकू म्हणाली, "वहिनी, एवढं करता, मग लपवता कशाला?" आणि पुन्हा हशा. आत भाकरी जळल्याचा वास सुटला. बाबा म्हणाले, "तवा बघ गं." आई आत आली, जळकी भाकरी काढून बाजूला ठेवली आणि नवा गोळा हातात घेतला. लहान मडकं पानावर पालथं झालं तेव्हा मी बाहेर गेले नाही. बाहेर साहेबांच्या बायकोचा आवाज ऐकू येत होता, या शेंगा जास्त चांगल्या आहेत म्हणून.

त्या रागाची धग माझ्यात अजून आहे. मी बाबांशी आठवडाभर बोलले नाही. त्यांना कारणच कळलं नाही, आणि आईने मला उलट दटावलं की बापाशी असं वागू नये. जळकी भाकरी तिने खाल्ली. पुढच्या वर्षी भांबुर्डा कितीही वाढला तरी ती मागच्या दारात जाऊन उभी राहिली नाही. पोपटी होत राहिली. ती मडकं भरायची आणि आत जायची, दुसरं मडकं तिने पुन्हा कधी भरलं नाही. पुढे मागच्या प्लॉटवर इमारती उठल्या, पालाही गेला, आणि पोपटी बंद पडली. बाबांना फार हळहळ वाटली.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा माझं लग्न होऊन मी उरणला राहत होते. घराला मागे थोडं अंगण होतं. थंडी पडल्यावर मी मनाशी ठरवलं. मामाकडून शेंगा आणल्या, पाला आणला, मडकं आणलं. फक्त आईबाबांना बोलावलं. आणि भाकरीचा प्रश्नच नको म्हणून तांदळाच्या पिठाचा डबा उचलून शेजारणीकडे ठेवून दिला. नवऱ्याला बजावलं की आज जे आहे ते ढिगात आहे, काही मागायचं नाही.

सगळं माझ्या मनासारखं जमलं. उन्हं उतरताना मी मडकं पानावर पालथं केलं, वाफ उठली, तोच वास. आईला हाताला धरून गोणपाटावर बसवलं. बाबा आणि माझा नवरा समोर बसले. मी सर्वांत भरलेली शेंग उचलून तिच्या हातात दिली. तिने ती या हातातून त्या हातात घेतली, दातांत धरली आणि पटकन काढली. मग ढिगातली दोन अंडी शोधून एक जावयापुढे आणि एक बाबांपुढे सरकवलं. कोंबडीचं पान सोडून त्यांच्याकडे केलं. बाबांनी आनंदाने घेतलं.

"आई, तू खा ना," मी म्हणाले.

"खातंय," ती म्हणाली. थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "पिठाचा डबा कुठं ठेवतेस?"

"पीठ नाही घरात. आज काही करायचं नाही."

"मंग भात तरी टाकतंय. पुरुष मानसं हायत, नुसत्या शेंगांनी पोट भरतं का?" आणि ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बघा, हिला खाऊ घालायची भारी हौस," बाबा माझ्या नवऱ्याला सांगत होते.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती माझ्या डब्यांत तांदूळ शोधत होती. मला रडू फुटत होतं आणि रागही येत होता, आणि तो नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. "आई, सगळं तुझ्यासाठी केलंय. चल. गार होतंय ते."

"होऊ दे," आई म्हणाली. "गरम आता मला नाय सोसत. तोंड पोळतं." आणि तिने तांदूळ धुवायला घेतले.