सशांच्या घरातला जावई

तमाम विवाहित, अविवाहित आणि विवाहाच्या उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या पुरुषवर्गास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, घरातल्या घरात सशांसाठी खुराडं बांधताना, शेवटची बाजू बसवण्याआधी आपण स्वतः आत उभे आहोत की बाहेर, याची प्रत्येकाने खात्री करून घ्यावी. ही सूचना कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मी ती भोगून मिळवलेली आहे आणि समाजाला फुकट देत आहे.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची दिवाळी. लग्न वैशाखात झालेलं, तेव्हा हा माझा दिवाळसण. मी नगरच्या एका कचेरीतला कारकून, आणि सासुरवाडी राहुरीच्या पलीकडे, मुळा नदीच्या अंगाला. दिवाळसणाचा जावई म्हणजे राजा, असं लोक म्हणतात. राजाला निदान शिकारीला तरी जाता येतं. मला ओसरीवरच्या गादीवरून उठता येत नव्हतं. पाण्यासाठी हललो की तांब्या हजर. सहज उभा राहिलो की सासूबाई आतून ओरडायच्या, "काय हवं-नको बघा की कुनीतरी!" परसाकडे निघालो, तर एक पांढऱ्या मिशांचे चुलतसासरे भरलेला डबा घेऊन पुढे चालू लागले. लाडूवर करंजी, करंजीवर चकली, आणि अंगात नवा कोरा टेरेलिनचा सदरा, ज्यातून वारा आत येत नाही आणि घाम बाहेर जात नाही. मी लोडाला टेकून भिंतीवरची पाल मोजत बसायचो. एकच पाल होती.

एवढंच असतं तर निभावलं असतं. पण माझ्यावर पहारा होता. त्या गावात जावयाने रुसणं ही कला होती, आणि तिचे उस्ताद होते आमचे थोरले साडू. त्यांनी आपल्या दिवाळसणाला माजघरामागच्या खोलीला आतून कडी लावून घेतली होती आणि रेडिओ कबूल झाल्यावरच ती काढली होती. ती खोली तेव्हापासून 'रुसायची खोली' म्हणून ओळखली जाई. खुद्द साडू तो रेडिओ काखेत मारून यंदाही आले होते.

आणि माझ्या बायकोने काय करून ठेवलं होतं? विहिरीवर सगळ्या बायकांसमोर सांगून बसली होती, "आमचं मानूस तसलं न्हाई."

"सगळ्या आसंच म्हनत्यात," एकीने टोमणा मारला होता. "भाऊबीज हुंद्या, मंग बघू."

हे तिने मला पहिल्याच रात्री सांगितलं आणि वर म्हणाली, "माझं नाक तुमच्या हातात हाय." त्या नाकाची काळजी घेत मी तीन दिवस वाढलेलं सगळं गिळत होतो. नको म्हटलं तरी रुसला म्हणतील, ही भीती.

आता ससे. लग्नाआधी तिने पांढरे, लाल डोळ्यांचे ससे पाळले होते. ती सासरी आल्यावर ते अंगणातल्या कोंबड्यांच्या खुराड्यात गेले आणि एक बोक्याच्या पोटात गेला. उरले दोन. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीनंतर हे कुणाला तरी देऊन टाकणार, राखण करायला मला वेळ नाही. बायको रडवेली झाली. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. काम! हातांना काम! मी म्हटलं, घरातच, भिंतीच्या आत, बोक्याच्या बापालाही शिरता येणार नाही असं खुराडं मी बांधून देतो.

"पर कुनी बघायचं न्हाई," ती म्हणाली. "दिवाळसनाचा जावई हातोडा घिऊन काम करतोय दिसलं, तर आई जीव देईल."

म्हणून बेत ठरला. पाडव्याला दुपारी ती फराळाची ताटं वाटायला गावात जाणार, पुरुष मारुतीच्या पारावर, सासूबाई चुलीपाशी. मी डोकं दुखतंय म्हणून आत जायचं, कडी लावायची, आणि ती येईपर्यंत खुराडं उभं करायचं. एकांताची खोली घरात एकच होती. कोणती, ते तुम्ही ओळखलं असेलच. आम्ही दोघांनी ओळखलं नाही.

खोलीच्या कोपऱ्यात बाजरीची कणगी होती. कामट्यांनी विणलेली, शेणामातीने लिंपलेली, नव्या बाजरीने तट्ट फुगलेली. एका अंगाला ती कणगी, दोन अंगांना भिंती. म्हणजे तीन बाजू देवानेच दिलेल्या. राहिली चौथी. तिथे मोडक्या बाजेचा सांगाडा पडला होता. त्याचे पाय काढले, काथ्या सोडला, जुन्या खुराड्याची लोखंडी जाळी त्यावर ताणून खिळे ठोकले. प्रत्येक घाव मी उशी मध्ये धरून घालत होतो, आवाज नको म्हणून. खाली सशापुरतं दार ठेवलं, त्याला साबणाच्या खोक्याची फळी. काय सुंदर दिसत होतं ते! ससे टोपलीतून काढून कोपऱ्यात सोडले, सदरा दाराजवळच्या खुंटीला टांगला, हातोडा खाली ठेवला आणि बाज उभी करून भिंत आणि कणगी यांच्यामध्ये बसवायला घेतली.

बसेना. बोटभर जास्त होती. बाहेरून ढकलावी तर पकड मिळेना. तेव्हा मला ती युक्ती सुचली, जिच्यामुळे मी आज हे लिहितो आहे. आत जाऊन ओढावी!

आत गेलो. दोन्ही हातांनी बाज धरली, पाय भिंतीला लावले आणि सगळा फराळ पणाला लावून ओढली. कणगी करकरली, थोडं लिंपण खाली पडलं, बाजेचं वरचं टोक तुळईखाली शिरलं आणि खट्ट! अशी बसली की सुताराने तोंडात बोट घालावं. मी मागे सरून कौतुकाने पाहिलं. जाळीतून. पलीकडे खुंटीवर माझा सदरा दिसत होता, त्याखाली हातोडा, आणि त्यापलीकडे आतून लावलेली कडी.

ढकलून पाहिलं. कणगीच्या पोटातून असा आवाज आला की मी हात काढून घेतले. आणखी जोर केला तर कणगी फुटणार आणि सासऱ्यांची वर्षाची बाजरी जमिनीवर. जाळी माझ्याच खिळ्यांनी माझ्याशी इमान राखून होती. सशाच्या दारातून डोकं घालून पाहिलं, कान आडवे आले. मी बनियन आणि लेंग्यावर, उकिडवा, आणि माझ्याकडे चार लाल डोळे लागलेले.

बायको येईल तोवर गप्प बसायचं ठरवलं. पण सशांना तसं काही वाटत नव्हतं. त्यातल्या थोराड सशाला कणगीच्या कामट्या आवडल्या. तो कुरतडू लागला. मी पायाने हुसकावला. तो परत आला. मी पाय आपटला.

"आत काय धडधडतंय गं?" सासूबाईंचा आवाज दारापाशी आला. कडी हलली. मग त्या जे ओरडल्या ते पारापर्यंत पोचलं असावं. "आवं, ऐकलं का! धाकलं जावई खोलीत बसल्यात! कडी लावलीया!"

कोणती खोली, हे त्यांना सांगावं लागलं नाही. बघता बघता दाराबाहेर सासरे, चुलतसासरे आणि साडू जमले. शेजारणींच्या बांगड्या वाजू लागल्या.

"जावईबापू," सासरे हळू आवाजात म्हणाले, "काय चुकलं का आमचं?"

"काही नाही, मामा! काही चुकलं नाही!"

"मंग बाहीर या की."

"येता येत नाही!"

बाहेर साडूंनी घसा साफ केला. इतक्या वर्षांनी त्यांच्या विद्येला मागणी आली होती. "मामा, ही सुरवात. मीबी आसंच म्हनलं हुतं."

"घड्याळ घ्यायचं ठरीवलंच हाय आमी," सासरे दाराला म्हणाले.

"मला घड्याळ नको! मला काहीसुद्धा नको!"

"आई गं," एक शेजारीण म्हणाली. "काईच नको म्हनत्यात. म्हंजी मोठंच काईतरी."

मी सगळं खरं सांगायचं ठरवलं. ओरडलो, "अहो, मी सशांच्या खुराड्यात अडकलोय!" मग साडू जाणकाराच्या सुरात म्हणाले, "मी पोटात कळ आलीया म्हनलं हुतं. ह्ये जरा शिकल्यालं मानूस, निराळं सांगतंय."

इतक्यात ससा पुन्हा कणगीला भिडला आणि मला पाय आपटावा लागला.

"पाय आपटाया लागलं!" साडू म्हणाले. "मामा, आता घड्याळावर भागत न्हाई. सायकल बोला."

सासऱ्यांनी सायकल बोलली. मी नको म्हटलं. त्यांनी अंगठी बोलली. मी हात जोडले, पण हात दारातून दिसत नाहीत. मी जितकं नाकारत होतो तितका भाव चढत होता, आणि गप्प बसावं तर "अबोला धरला" असं बाहेर जाहीर होत होतं. हो म्हणावं तर बायकोचं नाक गेलं, नाही म्हणावं तरी गेलंच. खोलीत उकडत होतं. पायांना मुंग्या आल्या होत्या. सासरे चुलतसासऱ्यांशी कुजबुजत होते, त्यात 'कालवड' हा शब्द मला ऐकू आला. ती कालवड माझ्या बायकोने हाताने चारा घालून वाढवली होती. मला रडू यायचंच बाकी राहिलं.

मग बायकोचा आवाज आला. रिकाम्या ताटांचा खणखणाट, आणि लगेच चार शेजारणी एकदम.

"या या! तुमचं तसलं न्हाई ना?"

"बघ बाई, रुसायच्या खोलीतच बसलंय तुझं मानूस! सायकलीला हूं म्हनंना!"

खुराड्याची गोष्ट तिला चारचौघांत काढता येत नव्हती, आणि मी ती ओरडून मोकळा झालोय हे तिला ठाऊक नव्हतं. दाराच्या फटीशी येऊन ती हळूच म्हणाली, "आवं, खरं सांगा. रुसलात का?"

आजवरच्या आयुष्यात कुठलाच प्रश्न मला इतका लागलेला नाही. तिलाही वाटलं! मी म्हटलं, "नाही गं. अडकलोय. तुझ्या सशांची शपथ."

तिची पावलं दूर गेली. बाहेर कुणीतरी हसलं. मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि तो थोराड ससा माझ्या मांडीवर चढून माझ्या लेंग्याची नाडी खाऊ लागला. खाऊ दे म्हटलं. आता काय राहिलं होतं?

तेवढ्यात डोक्यावर माती पडली. मग आणखी पडली. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरांना वर उजेडासाठी एक भोक असतं, साणं म्हणतात त्याला. त्या साण्यातून येणारा उजेड एकदम अडला. वर पाहिलं. माझी बायको पाडव्याचं नवं लुगडं खोचून, शिडीने धाब्यावर चढून, आडवी पडून साण्यातून आत बघत होती. तिचं फक्त तोंड आणि नाकातली नथ दिसत होती.

तिने मला पाहिलं. बनियनवर बसलेला, अंगभर शेणमाती, मांडीवर ससा, समोर जाळी. जाळीपलीकडे लांबवर पडलेला हातोडा पाहिला. पुन्हा मला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की तसा लग्नातसुद्धा मी पाहिला नव्हता. ती ताडकन उभी राहिली, आणि तिच्यामागोमाग अंगणात धावलेल्या माहेराला, शेजारपाजाराला आणि बोक्यासकट सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आनंदाने ओरडली,

"म्हनलं न्हवतं मी? आमचं मानूस रुसनारं न्हाईच! येडं हाय नुसतं!"