नदीने खाली गेलेली होडी

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची अलिबागला. बाबा म्हणत, मुलीच्या जातीला एवढं पुरे, मासळी सुकवायला हात हवेत. मीही हट्टाची. गुरुजींकडून एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचं चरित्र आणलं आणि संध्याकाळी बाबा जाळं सांधत बसले की वाचून दाखवू लागले. लाकडी खोपटात जन्मलेला, उसन्या पुस्तकांवर शिकलेला माणूस देशाचा प्रमुख होतो हे ऐकून बाप विरघळेल, असा माझा डाव होता.

तरुणपणी तो सपाट तळाच्या होडीतून माल घेऊन कित्येक आठवडे नदीने खाली गेला, इथे बाबांचा हात थांबला. शीड न्हाय, मंग धारेच्या उलट होडी परत कशी आणली? पुस्तकात ते नव्हतं. मी पान उलटलं, तर त्यांनी ऐकायचंच नाकारलं. होडी बंदराला लागल्याशिवाय तिच्यावरच्या माणसाची गोष्ट आमच्याकडे कोणी पुढे नेत नसे, अपशकुन मानत. वकिली, निवडणुका, सगळं त्या नदीत अडकून पडलं. गुरुजी म्हणाले, असल्या फालतू शंका परीक्षेत येत नाहीत. माझं डोकंच फिरलं.

शनिवारी आत्या मासळी विकायला रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर निघाली, तिच्याबरोबर मीही गेले. ती विक्रीला बसली आणि मी एकटीच विचारत विचारत एक वाचनालय गाठलं. अंगाला मासळीचा वास. तिथले गृहस्थ चार हात लांबूनच जा म्हणाले. मी हलले नाही. शेवटी त्यांनी एक जाड इंग्रजी पुस्तक काढून मराठीत सांगितलं की होडी परत आलीच नाही. माल विकला, होडीची लाकडंही तिथेच विकली आणि माणसं आगबोटीने परतली.

होडी मोडून विकली हे ऐकून बाबांनी राष्ट्राध्यक्षाला कचकचीत शिवी हासडली. पण माणूस घरी पोचला होता, म्हणून पुढे वाचू दिलं. हरलेल्या निवडणुका, यादवी युद्ध, गुलामांची सुटका, शेवटी नाटक बघताना लागलेली गोळी. बाबांचं जाळं सांधणं चालूच. आता अलिबागचं विचारायचंच, म्हणून मी पुस्तक मिटलं.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "त्या वाचनालयात एकलीच गेलीस?"

"व्हय."

"कोनी हाकललं न्हाय?"

"हाकललं. मी बसून रायले."

बाबांनी जाळं गुंडाळून बाजूला ठेवलं.

"मंग जा अलिबागला," ते म्हणाले. "तिथंबी बसून राय."