तेविसावी बाई

पहिल्या दिवशी चंद्रप्रभाकाकू वर्गात आल्या तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. वाटलं, नव्या मॅडम. त्या सरळ माझ्या बाकाशी आल्या आणि म्हणाल्या, "सरक गं जरा. मीपण शिकायलाच आलेय."

समाजशास्त्र आणि लिंगभाव अभ्यास, दोन्ही मिळून एक एम.ए. मी जळकोट तालुक्यातल्या शेतकऱ्याची पोर, नांदेडात हॉस्टेलवर राहणारी. काकू चोपन्न वर्षांच्या, इथल्याच. यजमान रेणुकादासकाका बँकेतून रिटायर झालेले. "आई, आता तू शिकायचंस," असं पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने म्हटलं आणि प्रवेशाचा फॉर्मही तिनेच भरला. हे काकू दिवसातून दोनदा तरी सांगायच्या. ऐकून ऐकून मला त्या न पाहिलेल्या मनस्विनीचा हेवा वाटायला लागला होता. मी काय शिकते हे माझ्या आईला अजून "बायांचं कायतरी" एवढंच ठाऊक आहे.

प्रबंधाला काकूंनी विषय घेतला तो नातवंडं सांभाळायला पुण्या-बंगळूरला जाऊन राहणाऱ्या आज्यांचा. बावीसजणींच्या मुलाखती घेतल्या, नांदेडच्या चौदा आणि लातूरच्या आठ. लातूरला मीही सोबत गेले होते. प्रश्नावलीत चौथा प्रश्न होता: जाण्याआधी तुम्हाला कोणी विचारलं होतं का? या प्रश्नाला झाडून सगळ्या बाया हसल्या. लातूरच्या तारामतीबाई तर म्हणाल्या, "आवो, मिक्सरला कुनी इचारतं का, आज चालतूस का म्हनून?"

परतताना बसमध्ये मी धुमसत होते. काकू शांतपणे शेंगा सोलत होत्या. मनस्विनीला तेव्हा सातवा महिना होता.

"माझी मनू तशी नाही," त्या म्हणाल्या. "ती विचारेल. मी पेपर देऊन मगच जाईन."

शेवटच्या सेमिस्टरची हॉलतिकिटं आली तोवर मनस्विनीचं बाळ पाच महिन्यांचं झालं होतं. पहिला पेपर आठ दिवसांवर होता. कारकुनाच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात माझं सापडलं, काकूंचं सापडेना.

"परीक्षेचा फॉर्मच आला नाही तुमचा," तो म्हणाला. "लेट फीची तारीखसुद्धा गेली."

काकू हसल्या. "असं कसं होईल? मुलीने भरलाय. मी दोनदा विचारलं तिला."

मी त्याच्याशी भांडायला लागले. "आवो भाऊ, दोन वर्षं लई मेहनत केली त्यांनी. बघा की कायतरी!"

"पोर्टलच बंद हाय, ताई. मी काय करू?"

काकूंनी माझा दंड धरला. "पुनम, या वेळी ओटीपी कुठे आला होता?"

दर सेमिस्टरला मनस्विनी पुण्यातून फॉर्म भरायची. काकूंच्या मोबाइलवर ओटीपी यायचा आणि त्या चष्मा लावून एकेक आकडा फोनवर सांगायच्या. या वेळी तसा फोन आलाच नव्हता. लेक "भरला" म्हणाली आणि यांनी मानलं.

व्हरांड्यात उभं राहून त्यांनी फोन लावला. त्या नेहमी स्पीकरवरच बोलायच्या, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"आई, चिडू नकोस," मनस्विनी म्हणाली. "माझी रजा संपतेय. बाळ बाईवर सोडायचं मला नाही जमत गं. परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल की."

"मग मला तसं विचारायचं ना."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो म्हणाले असते गं," काकू म्हणाल्या. "शेवटच्या पेपरपर्यंतचे दिवस तेवढे मागितले असते. बाबांना माहीत होतं हे?"

"तुझं तिकीट त्यांनीच काढलंय. दोन महिन्यांपूर्वी, बुकिंग सुरू झालं तेव्हाच."

गाडी पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशीची होती. म्हणजे दोन महिने काका रोज सकाळी "अभ्यास कर, मी चहा करतो" म्हणत होते आणि तिकीट खिशात होतं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणी परक्याने फसवलं असतं तर पोलिसांत गेलो असतो. इथे कुठे जायचं?

काकू रडल्या नाहीत. रिकाम्या वर्गात जाऊन बसल्या आणि पिशवीतून एक कोरी प्रश्नावली काढून माझ्यासमोर ठेवली.

"विचार मला."

मी विचारत गेले. वय, शिक्षण, मुलं. चौथा प्रश्न त्यांनीच वाचला आणि उत्तर दिलं, "नाही. कोणीही विचारलं नाही." तेवीसजणींत न हसता उत्तर देणारी ही पहिली बाई.

मुलाखत देणारीचं नाव लिहायचं नाही, या नियमाप्रमाणे मी नावाची जागा कोरी सोडली होती. काकूंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

तरी त्या गेल्या. हे लिहितानाही मला राग येतो, पण गेल्या. "बाळाने काय केलंय?" म्हणाल्या. निघायच्या दिवशी हॉस्टेलवर येऊन त्यांनी तेवीस प्रश्नावल्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. पुढच्या वर्षी लागेल, जपून ठेव, म्हणाल्या.

"माझ्याजवळ कशाला, काकू?" मी म्हणाले. "उंदरं लई हायेत हितं. घरीच ऱ्हाऊ द्या की, काकांपाशी. न्हाईतर सोबत न्या."

काकूंनी गठ्ठ्याची सुतळी पुन्हा आवळली.

"नको. तुझ्याकडेच असू दे," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसांचा आता भरवसा वाटत नाही."