लोणचं कुणी नासवलं

आमच्या घरात विकतचं काही येत नाही, असं नातेवाईक कौतुकाने सांगतात. बरंचसं खरं आहे. माझी बायको मसाला घरी भाजते, सुकटीची चटणी करते, चिंचेचा कोळ गुळात आटवून ठेवते. नातीला हवा असतो म्हणून टोमॅटोचा सॉससुद्धा घरीच शिजवून, गाळून करते. फक्त कैरीचं लोणचं दुकानातून येतं. ते हिच्या हाताला लाभत नाही, असं तेच नातेवाईक आवाज खाली करून सांगतात. हीसुद्धा तेच सांगते. ते खोटं आहे, आणि ते मला एकट्याला ठाऊक आहे.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता. कामतघरला आमच्या दोन खोल्या होत्या आणि भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. दिवसभर भिंत थरथरायची, हवेत कापसाचं तूस उडायचं. म्हणून आई लोणच्याच्या बरणीखाली गोणपाटाची घडी घालायची आणि तोंडाला दुहेरी फडक्याचा दादरा बांधायची. त्या वर्षी सासरे त्यांच्या गावाहून, दिघाशीहून, आपल्या झाडाच्या कैऱ्या घेऊन आले. दोघी सासवा-सुनांनी त्या धुऊन, पुसून, कोरड्या करून फोडी केल्या. मोहरीची डाळ, तळलेली मेथी, हिंग, तिखट, सगळं झाल्यावर आईने कालवायला हिला बसवलं. तेल कडकडीत तापवून, गार करून वर ओतलं. फोडी पार बुडाल्या. "हात चांगला आहे हो सूनबाईचा," असं आई शेजारणीला म्हणाली. आईच्या तोंडून कौतुक सहज निघत नसे.

बरणी उघडायची ती आंघोळ करून, कोरड्या हाताने, कोरड्या पळीने, आणि आईनेच, असा नियम होता. मी तेव्हा सकाळच्या शाळेत कारकून होतो. दुपारी घरी यायचो तेव्हा दोघी नळावर गेलेल्या असायच्या. झाकून ठेवलेला भात घ्यायचो आणि त्याच भाताच्या डावाने बरणीतला खार काढून भातावर ओतायचो. फोडींना हात लावायचो नाही, कारण फोडी कमी झालेल्या दिसतात. तेल कमी झालेलं कोण बघणार? बरेच दिवस हे चाललं. दादरा पुन्हा होता तसा बांधून ठेवायचो. वरच्या फोडी उघड्या पडल्या आहेत आणि डावाचा ओलेपणा त्यांना लागतोय, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग एका सकाळी आईने दादरा सोडला. वर पांढरी बुरशी.

"कोण शिवलं बरणीला?"

"मी न्हाय शिवले, आई."

"मग बरणी चालत आली तुझ्याकडे? परवा बाजूला बसली होतीस, तेव्हा आत आली होतीस की नाही?"

"पानी प्यायला आलते. बरणीकडं बगितलं पन न्हाय."

"तोंड वर करून बोलतेस? विटाळाची सावली पुरते लोणच्याला. आणि ते न्हाय-बिन्हाय माहेरी ठेवून ये. इथे नीट बोलायचं."

मी खाटेवर पेपर वाचत होतो. हिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्यावर संशय नव्हता. कोणीतरी आपल्या बाजूने बोलावं, एवढंच हवं होतं. मी पान उलटलं.

लोणचं उकिरड्यावर गेलं. दिवाळीला सासरे आले आणि जेवता जेवता सहज म्हणाले, "कैऱ्या कशा निघाल्या?" आईने हिच्यासमोरच सगळं सांगितलं. त्यानंतर सासऱ्यांनी तांदूळ आणले, वाल आणले, पण कैऱ्या पुन्हा कधी आणल्या नाहीत.

सुरुवातीला आईच्या भीतीने बोललो नाही. आई गेल्यावर लाजेने बोललो नाही. मनाशी एक प्रायश्चित्त मात्र ठरवलं होतं: लोणचं खायचं नाही. ताटात कोणी वाढलं तर बाजूला सारायचो आणि "मला आवडत नाही" म्हणायचो. त्यात आपण काही सोसतोय असं मला वाटायचं. ही मात्र फोडी करून द्यायची, मसाला भाजून द्यायची आणि कालवायच्या वेळी उठून जायची. आई होती तोवर आईने कालवलं, मग शेजारणीने, मग विकतचं सुरू झालं. हिची पाळी जाऊनही कितीतरी वर्षं झाली. तरी नाहीच.

या उन्हाळ्यात नातीने मोबाईलवर बघून लोणच्याचा घाट घातला. सगळी तयारी करून तिने परात आजीपुढे सरकवली.

"घाल हात."

"मी नाही. माझ्या हाताला बुरशी येते."

"आजी, तू काय पाव आहेस? बुरशी ओलेपणाने येते."

"तुमच्या मोबाईलला सगळं कळतं."

तेव्हा मी बोललो. डाव, खार, पेपर, सगळं सांगितलं. ही हसली.

"अहो, एवढं तरी पटेल असं बोला. लोणचं तुम्हाला आवडत नाही. जन्मभर बघतेय मी, ताटात पडलं तरी बाजूला सारता."

"त्याच्यामुळेच सारतो."

"असू दे. म्हातारपणी माझी समजूत काढायला निघालात. आई काय उगाच बोलल्या असतील?"

मी पुन्हा सांगितलं. देवाची शपथ घेतली. ती गंभीर झाली आणि म्हणाली, "पोरीसमोर स्वतःच्या अंगावर कशाला ओढून घेता? मी कधी तक्रार केली का?"

शेवटी नातीनेच कालवलं. ही परातीपासून लांब, दारात उभी राहून सांगत होती: मीठ अजून घाल, खालून वर घे, तेल गार झालंय का बोट लावून बघ. सगळं अचूक. नातीने एक फोड चाखायला पुढे केली, तेव्हा तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मान वळवली.

मी सांगितलं तर तिला ते माझं प्रेम वाटतं. म्हणून लिहून ठेवतो, निदान मुलं आणि नात वाचतील. त्या वर्षीचं लोणचं मी नासवलं. तिने बरणीला हात लावला नव्हता.