सुमनचे रविवार

सुमन गेल्याचा तिच्या भावाचा फोन शाळेत आला, तेव्हा मी परीक्षेच्या वेळापत्रकावर सही करत होते. सही अर्धीच राहिली. चार महिने तिचं पोटाचं दुखणं वाढत चाललं होतं, सगळं दिसत होतं... तरी हात थांबलाच.

सुमन कांबळे कोल्हापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करायची. नव्वदच्या दशकात रविवारी आम्ही दोघी शाहूवाडीकडच्या वाड्यांवर नेत्रशिबिरांना जायचो. मी नावं लिहायची, ती बॅटरी मारून डोळे बघायची. मोतीबिंदू दिसला की माणसाला ऑपरेशनला राजी करायचं कामही तिचंच. एका वाडीतले म्हातारे दगडूआबा काही केल्या ऐकेनात. "दिसतंय की मला. भात कुटं, बांध कुटं, समदं कळतंय." सुमनने त्यांचा हात धरला. "आबा, माझ्यावर इश्वास हाय न्हवं? मग चला."

ते आले. त्या शिबिरात ऑपरेशन झालेल्या चौघांच्या डोळ्यांत पू झाला. आबांचा एक डोळा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेला हाच होता.

चूक कुठे झाली ते कुणी सांगितलं नाही. डॉक्टर पुन्हा तिकडे फिरकले नाहीत, शिबिरं बंद पडली. सुमन मात्र पुढच्या रविवारी गेली. एकटीच. मी गेले नाही. मला त्या लोकांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटली. आबांच्या सुनेने दार लावून घेतलं. "आंधळं करून ठेवलासा की आमच्या म्हाताऱ्याला. आता काय बघाय आलायसा?" सुमन शेवटची एसटी येईपर्यंत उंबऱ्याबाहेर बसून राहिली. तिसऱ्या रविवारी भिंत चाचपत आबांनीच कडी काढली.

नजर गेली तरी डोळ्याची आग व्हायची. पुढची कितीतरी वर्षं ती थेंब घालायला जात राहिली. त्या वाडीत दुसऱ्या कुणी तिला डोळा दाखवला नाही. साध्या मोतीबिंदूने माणसं आंधळी होत गेली. ती विनवायची आणि परत यायची. "मीच सांगितलं होतं गं त्यांना, दिसंल म्हणून," शेवटच्या भेटीतही ती हेच बोलली. मी काहीतरी समजुतीचं म्हणाले. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं...

परवा आबांना सांगायला गेले. सून मुकाट बाजूला झाली. आबांनी विचारलं,

"मग आता कोन येनार?"

त्यांनी मान मागे टाकली, बोटाने खालची पापणी ओढून धरली आणि छताकडे तोंड करून तसेच थांबले.

"बाई म्हनायच्या, अजाबात हलायचं न्हाय."