धाकट्या जावेचं कार्ड

धाकटी जाऊ मुक्तिनाथाला निघाली, तेव्हा तंजावुरात आमच्या घरी दुसरा विषयच नव्हता. "नेपाळला व्हिसा लागत नाही, अक्का. फोटोचं मतदार कार्ड पुरे," ती मला म्हणाली.

माझ्याकडे कार्ड नव्हतं. फोटो काढायला शाळेत बोलावलं, तेव्हा परक्या पुरुषासमोर मान वर करून बसायची मला लाज वाटली. ती मात्र गजरा माळून गेली होती.

तिच्या प्रवासातल्या पुळियोदरैसाठी, चिंचेच्या भातासाठी, मी चिंचेचा कोळ आटवत होते. तिने कार्ड पुढे धरलं.

"बघा, मी ओळखू तरी येते का? सीमेवरून परत पाठवतील."

फोटोत डोळे अर्धे मिटलेले, तोंड काळंठिक्कर.

"ओळखतील," मी म्हटलं, आणि न ओळखोत असं मनात म्हणत कोळ ढवळत राहिले.