गेममधलं सुकेण्याचं वळण

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, हे आधीच सांगून टाकते. मी नाशिकरोडला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. वर्गात कुणी नजर, करणी, अमावस्या काढली की त्याला तासभर उभं करते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जात नाहीये.

आमचे हे रेल्वेत लोको पायलट. मालगाडी चालवतात. आणि सुट्टीच्या दिवशी साहेब काय करणार? तर कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम खेळणार! हलवाई कधी घरी येऊन पेढे खातो का, असं मी कितीदा सुनावलं. त्या गेममध्ये कुणा हौशी लोकांनी आपला मनमाड–इगतपुरी रूट जसाच्या तसा बनवून टाकलाय. लासलगाव, निफाड, कसबे सुकेणे, खेरवाडी, सगळं. आता इंजिनात एक पद्धत असते. सिग्नल दिसला की पायलटने मोठ्याने सांगायचं, आणि शेजारच्या असिस्टंटने तो स्वतः बघून तेच मोठ्याने म्हणायचं. ह्यांना घरीसुद्धा त्याशिवाय गाडी पुढे नेववत नाही. मग असिस्टंट कोण? मी. खुर्ची ओढून शेजारी बसायचं आणि मटार सोलत ‘हिरवा’, ‘पिवळा’ करायचं.

गेल्या हिवाळ्यातला रविवार होता, भरदुपार. सुकेण्याच्या पुढे एक वळण लागतं. तिथे रुळाला लागूनच माझ्या माहेरची द्राक्षबाग आहे. ती आता माझा धाकटा भाऊ संजू बघतो. आई-वडील लवकर गेले, त्याला मीच वाढवलंय. भाऊ कमी, लेकच जास्त. तर हे म्हणाले, हिरवा. मीही मान वर न करता म्हणाले, हिरवा. आणि ह्यांनी खाडकन ब्रेक मारला.

मी वर बघितलं. रुळावर माणूस आडवा पडला होता. ह्या गेममध्ये रुळावर माणसं नसतातच हो, फलाटावर ठोकळ्यासारखी उभी असतात तेवढीच. हा माणूस तडफडत होता. हातपाय ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीने बांधलेले, अंगात पिवळा टी-शर्ट, कपाळ फुटून एक डोळा रक्ताने भरलेला. त्याने मान वळवली आणि मी किंचाळले, "संज्या!"

मालगाडी काय अशी थांबते? गेली त्याच्यावरून. आधी धप्प, मग खालून खडी उडाल्यासारखा आवाज, आणि काचेवर खालून वर लाल शिंतोडे. ह्यांनी सवयीने वायपर चालू केला. ते लाल सगळ्या काचेभर फासलं गेलं. ह्यांच्या गाडीखाली खरोखरची माणसं आलेली आहेत. ते कधी बोलत नाहीत, पण घरात मटण बंद आहे. त्या दिवशी मात्र हा मुंगीसुद्धा न मारणारा माणूस उठला, स्क्रीनवर बुक्क्यांवर बुक्के मारत सुटला. काच हातात घुसली तरी थांबेना. मी मागून मिठी मारली तर मलाही ढकललं. फरशीवर रक्त, मटार, काचा.

मी संजूला फोन लावला. तो बागेत फवारणी करत होता, धडधाकट. मी रडायलाच लागले. खोदून विचारल्यावर कळलं, बांधावरून चुलतभावांशी जुंपली होती, त्यांनी कोयता दाखवला होता. एकटा शेतात जाऊ नको म्हटलं तर हसला. "ताई, लय टेन्शन घेती तू. मला काय व्हत नाय."

हाताला पट्टी बांधून हे दोन दिवसांनी ड्यूटीवर निघाले. मी दारातच अडवलं. त्या वळणाला गाडी हळू घ्या म्हटलं. हे म्हणाले, सिग्नल हिरवा असताना कारण काय सांगू? मी म्हटलं, काहीही सांगा. पण माझ्या भावावरून गाडी घालून ह्या घरात पाय ठेवायचा नाही. विज्ञानाची बाई बोलत होती हे!

त्या संध्याकाळी मनमाडहून येताना ह्यांनी वळण दिसायच्या आधीच ब्रेक लावला. असिस्टंट ओरडला, साहेब, हिरवा आहे! गाडी घासत घासत वळणात शिरली आणि थांबली. इंजिनापुढे, उडी मारली तर पोचेल इतक्या अंतरावर संजू पडला होता. काळी नळी, पिवळा टी-शर्ट, फुटलेलं कपाळ. मारून अर्धमेला केला होता. गाडी गेली की नळी सोडवून न्यायची, आत्महत्या म्हणून खपणार, असा हिशोब. दोघं चुलतभाऊ अजून बागेच्या कडेलाच होते. गाडी थांबलेली बघून त्यांनी दगडांचा मारा केला, असिस्टंटचं डोकं फोडलं. एक तर कोयता घेऊन संजूवर धावला. ह्यांनी इंजिनातला लोखंडी पाना त्याच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला म्हणतात. तो खाली पडल्यावरही हे मारतच राहिले, शेवटी असिस्टंटने ओढलं. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

पुढे चौकशी झाली. ब्रेक लावला तिथून माणूस दिसणं शक्यच नव्हतं, असं असिस्टंटने खरं तेच सांगितलं. ह्यांच्या एका सहकाऱ्याने तोच गेम, तोच रूट आमच्यासमोर स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिला. रूळ मोकळे. मी म्हटलं, ताण, भीती, दोघांना एकदम भास... समजूत घातली स्वतःची. तीही टिकली असती.

पण हॉस्पिटलमध्ये संजू शुद्धीवर आला, तेव्हा मी आणि हे दोघंही पलंगाशी होतो. गेमबद्दल त्याला आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. मी त्याला पाणी पाजलं, म्हटलं, दाजींनी वेळेवर गाडी थांबवली बरं का.

तो ह्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ती दुसरी गाडी. आधीची गेली ना माझ्यावरून. दाजीच चालवत व्हते. ताई, तू शेजारी बसली व्हती, माझं नाव घेऊन वरडत व्हती."

त्याने माझा हात धरला आणि विचारलं, "लय दुखलं गं. तवा का नाय थांबवली?"

आज तो बरा आहे, बाग सांभाळतो. हा प्रश्न त्याने परत कधी विचारलेला नाही. विचारला तर काय सांगायचं, ते मला अजूनही माहीत नाही.